आधी गाव वसवा, मग उठवा: विस्थापनावरचं संगीत-हालचालींचं नाटक बसवण्याची रीत

विस्थापनावरची बरीचशी नाटकं पहिल्या पाच मिनिटांतच रडायला लागतात. पडदा उघडतो, निळ्या उजेडात डोक्यावर गाठोडी घेतलेली दहा माणसं संथ चालत असतात, मागे बासरी. प्रेक्षकाला वाईट वाटतं, पण काय गेलं ते कळत नाही, कारण जे गेलं ते त्याने पाहिलेलंच नसतं. मग दिग्दर्शक दोष अभिनयाला देतो आणि कलाकारांना आणखी रडायला सांगतो. खरी चूक क्रमाची असते.

इथे दिलेला क्रम ९ कलाकार, २ वादक आणि ४५ मिनिटांचा प्रयोग धरून आहे. आठवड्याला ४ तालमी, एकेक अडीच तासांची, असे ९ आठवडे लागतात. वेळ कमी असेल तर नाटक छोटं करा, पण टप्पे गाळू नका. संवाद जवळपास नाहीत, त्यामुळे जे काही सांगायचं ते पावलं, ठेका आणि गाणं यांतूनच सांगावं लागतं.

१. एक गाव, एक साल

"विस्थापन" नावाचं गाव नकाशावर नाही. कुठलं गाव, कुठल्या कारणाने आणि कुठल्या साली उठलं हे ठरेपर्यंत तालीम सुरू करू नका. कारण बदललं की नाटकाची लयच बदलते. किल्लारीत ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे भूकंपात सगळं क्षणात कोसळलं. धरणाखालच्या गावाला मात्र वर्षानुवर्षं माहीत असतं की आपण जाणार आहोत: मोजणी होते, नोटिसा येतात, घराची डागडुजी थांबते. पहिल्यात धक्का आहे, दुसऱ्यात वाट पाहणं. एकाचं संगीत दुसऱ्याला लावलं की दोन्ही खोटी होतात.

निवाऱ्याची बाजूही ठरलेली हवी. कोल्हापूरजवळ वळिवडेला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले आणि नंतर निघून गेले. कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर आलेले सिंधी निर्वासित कायमचे राहिले आणि त्याचं उल्हासनगर झालं. तात्पुरता आसरा आणि कायमचं बिऱ्हाड यांत माणूस भिंतीला खिळा ठोकतो की नाही, इतका फरक असतो.

पुढचं सगळं उदाहरण कोयना धरणाचं आहे. पाटण-जावळीकडची खोऱ्यातली गावं १९६०च्या आगेमागे उठली आणि धरणाचा जलाशय, शिवाजीसागर, भरला. धरणग्रस्त सातारा जिल्ह्यात राहिले तसेच सांगली, सोलापूर, रायगड, ठाणे, रत्नागिरी असे विखुरले. आपण सोलापूरकडे गेलेलं एक गाव धरू.

*तपासा:* कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७चा, म्हणजे गावं उठल्यानंतरचा. हे दोन प्रसंग एकाच रात्री घडलेले दाखवू नका. पुनर्वसनाचा राज्याचा पहिला कायदा १९७६चा, तेव्हा १९६०च्या पात्राच्या तोंडी पुनर्वसित गावाच्या "अठरा नागरी सुविधा" घालू नका. सरदार सरोवराखालचं मणिबेली घेतलंत, तर तिथे आदिवासी बोली बोलणारी माणसं आहेत. त्यांच्या अंगावर घाटावरची ओवी आणि ढोलकी चढवू नका.

२. ऐकायला जाताना

दोघांनी जायचं, एकाने बोलायचं आणि एकाने लिहायचं. पहिल्या भेटीत कॅमेरा पिशवीतच राहू द्या. "तुम्हाला कसं वाटलं?" हा प्रश्न बाद. तो विचारला की आजी-आबा तेच सांगतात जे आधी आलेल्या दहा जणांना सांगितलंय. अंगाला आठवणारे प्रश्न विचारा:

- सकाळी पाणवठ्याकडे निघालं की ऊन कुठल्या अंगाला यायचं?
- भरलेली घागर कुठल्या कमरेवर असायची, आणि मोकळा हात काय करायचा?
- अंधारात घरात शिरताना हात आधी कशाला लागायचा?
- निघताना काय उचकटून नेलं, काय सोडलं, आणि ते कोणी ठरवलं?
- नव्या जागी पहिल्या दिवशी पाणी कुठून आणलं? तिथलं कोण काय बोललं?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देताना माणसं बहुतेक वेळा हात हवेत उचलतात. तोंडचं उत्तर मागाहून लिहिता येईल, त्याआधी तो हात किती उंचीवर थांबला ते टिपा. नाटकात तोच येणार आहे.

*सावध:* गाणं म्हणून दाखवलेल्या बाईला स्पष्ट विचारा, "आजी, हे आम्ही स्टेजवर म्हटलं तर चालेल का? तुमचं नाव घ्यायचं की नको?" नाही म्हणाल्या तर वही मिटा. ओव्यांचा मोठा संग्रह हवा असेल तर हेमा राईरकर आणि गी पॉईटविन यांच्या पुढाकाराने जमलेल्या एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या "परी"च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर आहेत. तिथेही गाणाऱ्या बाईचं आणि गावाचं नाव दिलेलं असतं. प्रयोगात ते आलंच पाहिजे.

३. गाव जमिनीवर आखा

आता तालमीच्या जागेत मास्किंग टेपने गाव आखा. सहा ठिकाणं पुरतात: घराचा उंबरठा, पाणवठा, भाताचं खाचर, गोठा, देवळाचा पार आणि गावाबाहेर जाणारी वाट. सहाच्या वर गेलात तर प्रेक्षकाच्या लक्षात राहत नाही.

उंबरठा आणि पाणवठा यांच्यातलं अंतर बरोबर २४ फूट ठेवा. अंदाजाने नको, टेपपट्टी लावून मोजा. त्यावर दर दीड फुटाला एक खूण करा, म्हणजे १६ पावलं होतात. दीड फूट हे भरली घागर घेतलेल्या माणसाचं पाऊल आहे. मोकळ्या माणसाचं याहून लांब पडतं, म्हणून सुरुवातीला सगळे पुढे धावतात. जागा लहान असेल तर १२ फूट ठेवा, पण १८ नको. का ते पाचव्या टप्प्यात कळेल.

पहिला आठवडाभर एवढंच करायचं: या सहा ठिकाणांमध्ये जा-ये. प्रत्येकाने आपली रोजची वाट ठरवायची आणि ती बदलायची नाही. म्हातारा उठून पाराकडे जातो, पोर गोठ्याकडे, दोघी पाण्याला. पाचव्या तालमीला दीड फुटाच्या खुणा काढून टाका.

*तपासा:* डोळ्यांवर पट्टी बांधून उंबरठ्यापासून पाणवठ्यापर्यंत चालायला लावा. नऊपैकी सात जण अर्ध्या फुटाच्या आत थांबले की गाव वसलं. नाही थांबले तर पुढे जाऊ नका.

४. काम अंगात बसवा

कोयनेच्या खोऱ्यात धो-धो पाऊस, त्यामुळे भात, नाचणी, वरी. सोलापूरकडे पाऊस त्याच्या कितीतरी कमी आणि रान ज्वारीचं. नाटकाची निम्मी हालचाल या फरकात तयारच आहे.

भातलावणी मागे सरकत करतात. वाकून रोप चिखलात खोवायचं, एक पाऊल मागे, पुन्हा खोवायचं, म्हणजे लावलेलं पायाखाली येत नाही. रब्बी ज्वारीची काढणी उलट: दोन्ही हातांनी ताट धरून मुळासकट उपटायचं, माती झटकायची, पुढे सरकायचं. एका गावात माणूस मागे जात रोवतो, दुसऱ्यात पुढे जात उपटतो. हे तुम्ही शोधून काढलेलं प्रतीक नाही, शेतीच तशी आहे. म्हणून ते समजावून सांगू नका, नुसतं नीट करा.

जात्यासाठी खरं जातं आणा. प्रत्येकाने किमान अर्धा किलो ज्वारी दळायची. खुंटा धरलेला हात पुढे जातो तेव्हा पाठ काय करते हे नक्कल करून कळत नाही. प्रयोगात जातं नसेल तरी चालेल, पण अंगात असायला हवं.

*सावध:* लावणीचा प्रसंग सलग ४ मिनिटांपेक्षा लांबवू नका. शहरातल्या पोरांची कंबर तेवढीच टिकते. कमरेतून वाकताना गुडघे किंचित सैल ठेवा, आणि तालमीआधी १५ मिनिटं अंग मोकळं केल्याशिवाय वाकायचं नाही. रायगडला गेलेलं गाव घेतलं असेल तर तिथेही भातच आहे, तेव्हा ज्वारी काढून टाका.

५. आठाची चाल, साताची चाल

नाटकाचा कणा हा टप्पा आहे. घाई इथेच होते, आणि ती दिसते.

जुन्या गावाची चाल ८ मात्रांची, म्हणजे आठ ठोक्यांची, भजनी ठेक्यासारखी. मोबाइलवर मेट्रोनोम (एकसारखे ठोके देणारं अॅप) मिनिटाला ९० वर लावा. मात्रेला एक पाऊल. उंबरठ्यापासून डाव्या पायाने निघालं की १६ पावलांत, म्हणजे दोन आवर्तनांत (ठेक्याच्या दोन फेऱ्यांत), माणूस पाणवठ्यावर पोचतो आणि पुढची सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, बरोबर घागर टेकवताना येते. आठ ही सम संख्या, त्यामुळे प्रत्येक सम त्याच डाव्या पायावर पडते. प्रेक्षक मोजत नाही, पण त्याच्या अंगाला ते कळतं: इथे माणूस स्थिर आहे.

नव्या गावात ठेका ७ मात्रांचा करा. लय तीच ९०, पाऊल तेच दीड फूट. आता दोन गोष्टी आपोआप होतात.

पहिली, सम एकदा डाव्या आणि एकदा उजव्या पायावर पडते. माणूस लंगडत नाही, पण अंगाचा तोल दर आवर्तनाला बाजू बदलतो. दुसरी, दोन आवर्तनं झाली की १४च पावलं होतात, म्हणजे २१ फूट. सम येते, सवयीचा हात घागर टेकवायला खाली जातो, आणि पाणी अजून तीन फूट पुढे असतं.

विस्थापनाचा जेवढा अभिनय हवा तो या तीन फुटांत आहे. चेहऱ्यावर काही आणू नका.

(१८ फूट का नको, ते आता दिसेल. तिथे १२ पावलं होतात, सम आवर्तनाच्या मध्ये अडकते आणि जुन्या गावातही माणूस अधांतरी पोचतो. १२ फुटांना एक आवर्तन पुरतं. सातात तो दीड फूट मागे राहतो.)

वादकांसाठी: सातासाठी रूपक घ्या, तीं तीं ना, धीं ना, धीं ना. त्याच्या समेवरच खाली, म्हणजे घुमारा नसलेली मोकळी जागा, असते. पाऊल जोरात पडतं तिथे डग्गा (तबल्याच्या जोडीतला घुमणारा) गप्प असतो, हे इथे फार कामाला येतं. ढोलकीवर वाजवताना समेचा घुमारा हाताने दाबून टाका.

नेहमीच्या चुका तीन. एक, साताला लय आपोआप वाढते. कलाकारांना आवर्तन लवकर संपल्यासारखं वाटतं आणि ते धावतात. दोन, पाणवठा गाठायला कुणीतरी पाऊल लांब टाकतं. मग तीन फूट उरतच नाहीत आणि सगळी मेहनत पाण्यात. तीन, कलाकार ओठ हलवून मात्रा मोजतात. यावर एकच इलाज: सलग दहा तालमी रोज २० मिनिटं नुसतं चालणं, ठेका सुरू आणि वादक पाठमोरे.

६. उठणं

गाव १८ मिनिटं, उठणं ७, निवारा २०. बहुतेक संघ हे उलटं करतात आणि उठण्याला अर्धा तास देतात.

उठण्याच्या प्रसंगात सामान खरं असू द्या. बोचकं ३ किलोचं, आत जुने कपडे गच्च दाबलेले, डोक्यावर चुंबळ. फोम भरलेलं बोचकं चालताना उडी मारतं आणि मान खोटं बोलते. सलग १० मिनिटांवर कुणाच्या डोक्यावर ठेवू नका, आणि मानेचा त्रास असलेल्याला काखेत द्या.

माणसं काय नेतात याची यादी दुसऱ्या टप्प्यातल्या वहीतून घ्या. भांडी-कपडे सगळेच दाखवतात. दाराची चौकट, आढं, कौलं, देवाचे टाक हे दाखवायचं राहतं. चौकट दाखवायला लाकूड लागत नाही: ज्याच्या दारातून प्रेक्षकाने १८ मिनिटं माणसं ये-जा करताना पाहिली, तो माणूस हात त्याच उंचीवर धरून, त्या आकाराला सांभाळत चालायला लागला की पुरे.

पाणी चढतंय हे दाखवायला दोन माणसांनी निळं कापड हलवायचं, ही रीत आता विसरा. जमिनीवर ठेवलेल्या वस्तू माणसं उचलून गुडघ्याएवढ्या उंचीवर धरतात, मग कमरेएवढ्या, मग खांद्यावर. वर बघत नाहीत, काम चालूच. इतकं केलं की पाणी दिसतं.

संपादनाची नोटीस वाचून दाखवायची असेल तर गाऊन दाखवा, पण करुण चालीत नको. "तमाम खातेदारांस कळविण्यात येते की" हे कोरड्या, एकसुरी आवाजात, आठाच्या ठेक्यावर, शेवटची मात्रा रिकामी सोडून. ठेका साताचा होणार याची पहिली खूण प्रेक्षकाला तिथे मिळते.

*तपासा:* हा प्रसंग ठेका बंद करून एकदा करा. गर्दी, धक्काबुक्की, हंबरडा दिसला तर छाटा. धरणाखालचं गाव एका दिवसात पळत नाही.

७. निवारा: अर्धं नाटक इथे आहे

टेप उचला आणि नवं गाव आखा. सहा ठिकाणं तीच, पण सगळी सरळ रेषेत, चौकोनी प्लॉटवर. पाणवठ्याची जागा मात्र तीच ठेवा, २४ फुटांवर, कारण तीन फुटांचा खेळ तिथे आहे. फक्त तो आता नवख्यांचा नाही. नऊपैकी तिघे आता मूळ गावचे होतात. कपडे बदलायची गरज नाही, चाल बदलते: हे तिघे आठातच चालतात, ऐटीत, आणि समेवर पाणी भरतात.

आता एकाच पाणवठ्यावर सहा जण साताच्या चालीने आणि तिघे आठाच्या चालीने येतात. ढोलकी आठ धरते, हलगी सात. वादकांनी एकमेकांकडे बघायचं नाही, मेट्रोनोमचा आवाज इअरफोनमधून दोघांच्या कानात. दोन्ही ठेके एकत्र सुरू झाले की सम पुन्हा जुळते ती ५६ मात्रांनंतर, ९०च्या लयीत सुमारे ३७ सेकंदांनी. त्या ३७ सेकंदांत कुणी कुणाशी भिडत नाही, नुसत्या घागरी एकमेकींना लागतात, वाट द्यावी लागते, रांग मोडते. ५७व्या मात्रेला पहिली नजरानजर. त्याआधी नको. हा प्रसंग तीनदा येऊ द्या, आणि तिसऱ्या वेळी समेवर एकीने दुसरीची घागर उचलून डोक्यावर चढवून द्यावी. हसू नये.

*सावध:* मूळ गावच्यांना खलनायक करू नका. पाणी तेवढंच, घागरी वाढल्या, एवढाच मामला असतो. आणि शेवटी पाणी ओसरून जुनं देऊळ वर येतं, हा प्रसंग टाळा. उजनीच्या पाण्यातून पळसदेवचं देऊळ खरंच वर येतं, पण स्टेजवर ते इतक्यांदा आलंय की प्रेक्षक आधीच टाळ्यांची तयारी करतो.

८. आवाज, कापड, उजेड

चालताना पूर्ण ओवी म्हणवत नाही, श्वास तुटतो. उभं राहून किंवा बसून गा, चालताना नुसतं गुणगुणा. पट्टी बायकांच्या सोयीची धरा, पुरुषांनी खालच्या षड्जात (सा) साथ द्यावी. अडीचशे खुर्च्यांपर्यंत माइक नको. अंगाला लावलेला माइक लावणीच्या प्रसंगात नुसता कापडाचा आवाज देतो.

पाऊस रेकॉर्डवरचा वाजवू नका. दोन सुपांत मूठमूठ नाचणी घेऊन हळू फिरवा. तांदूळ कर्कश वाजतो. स्टेजवर खरं पाणी आणू नका: पाय घसरतात आणि खाली वायरी असतात.

नेपथ्य म्हणून तीन जुनी सुती नऊवारी पुरतात. भिंत, झोळी, बोचकं, सगळं त्यातून होतं. खळ पूर्ण धुऊन काढा, काठ शिवून घ्या. सिंथेटिक नको, ते सरकतं आणि दिव्याजवळ धोक्याचं. दिवे दोन्ही विंगांतून जमिनीपासून फूटभर उंचीवर लावा. वरच्या उजेडात पावलं दिसत नाहीत, आणि आपलं नाटक तर पावलांचं.

९. जोडणी आणि पहिला प्रयोग

नवव्या आठवड्यातच सगळं सलग करा, त्याआधी नको. जाहीर प्रयोगाआधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून संहितेचं प्रमाणपत्र लागतं. संवाद नाहीत म्हणून चार ओळी पाठवू नका. प्रत्येक प्रसंगाचं वर्णन आणि सगळ्या गाण्यांचे शब्द लिहून द्या, आणि ते बरंच आधी.

पहिला प्रयोग ज्यांचं ऐकलं त्यांच्यापुढे करा, त्यांच्या गावच्या शाळेत किंवा देवळापुढे. लाउडस्पीकर असेल तर रात्री १०च्या आत आटपा. नंतर "आवडलं का?" विचारू नका, "चुकलं कुठे?" विचारा. घागर चुकीच्या कमरेवर होती, लावणीत रोपाची जुडी चुकीच्या हातात होती, अशा गोष्टी निघतात. त्या तिथेच लिहून घ्या आणि पुढच्या प्रयोगाआधी बदला. रडलेल्या माणसांचे फोटो काढू नका.

पुढच्या प्रत्येक नाट्यगृहात पोचल्यावर दिवे लावायच्या आधी टेपपट्टी काढा आणि २४ फूट पुन्हा मोजा. स्टेज तेवढं नसेल तर सरळ १२वर या, आणि वादकांना दोनाऐवजी एक आवर्तन असं आधी सांगा, नाहीतर घागर एकीकडे आणि सम दुसरीकडे.